दुसऱ्याचा सेल्फ चेक

चाळिशी उलटली की माणसाला काहीतरी नवीन शिकण्याची खुमखुमी येते. कोणी पेटीचा क्लास लावतो, कोणी होमिओपॅथीची पुस्तकं आणून घरच्यांवर प्रयोग करतो. मी स्पॅनिश शिकायला घेतली. हे कळल्यावर आमचे हेडकॅशियर म्हणाले, "कशाला? तिकडे बदली होणारे का?" बी.कॉम. झालेल्या माणसाने डेबिट-क्रेडिटच्या पलीकडे पाहू नये अशी एक समजूत आहे. पण माझा तर अनुभव असा, की स्पॅनिश व्याकरण कळायला बी.कॉम.सारखी पदवी नाही.

त्यांची आत्मवाचक क्रियापदंच घ्या. 'लावार' म्हणजे धुणे. मोटार धुतली तर नुसतं 'लावो'. पण स्वतः आंघोळ-बिंघोळ करायची तर 'मे लावो', म्हणजे मी मला धुतो! 'लेवान्तार' म्हणजे उचलणे, आणि 'लेवान्तार्से' म्हणजे उठणे. शब्दशः, स्वतःला उचलणे. सकाळी सहाच्या गजराला मी जे काही करतो त्याचं इतकं अचूक वर्णन मला दुसऱ्या भाषेत आढळलं नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर हा सेल्फचा चेक. काढणारेही आपण, घेणारेही आपणच.

दुसरं प्रकरण सब्जंक्टिव्हचं. जे घडतं ते साध्या रूपात सांगायचं; पण ज्याची नुसती इच्छा आहे, शंका आहे, भीती आहे, त्याला क्रियापदाचं वेगळं रूप. आपल्याकडे 'उठतोस' आणि 'उठावंस' यांत जो फरक, साधारण तोच. 'तू उठतोस' हे 'ते लेवान्तास'. 'तू उठावंस' म्हणताना 'ते लेवान्तेस'. एका 'आ'चा 'ए' झाला, बस्स. ज्या क्रियापदांच्या शेवटी 'आर' असतो ती 'ए' घेतात आणि 'एर', 'ईर'वाली 'आ' घेतात. शेजारणींनी साखरेच्या वाट्या अदलाबदल कराव्यात तसं. आमच्याकडे जी रक्कम कुठल्या खात्यात टाकायची हे ठरलेलं नसतं, ती सस्पेन्स खात्यात जाते. स्पॅनिश माणसानेही भाषेत असं एक सस्पेन्स खातं उघडून ठेवलेलं आहे.

खरी गंमत हे दोन्ही एकत्र आले की होते. 'मला उठायचंय' हे 'किएरो लेवान्तार्मे'. इच्छा माझी, उठणारा मी. सब्जंक्टिव्हची भानगड नाही. पण 'तू उठावंस असं मला वाटतं' म्हणायचं तर 'किएरो के ते लेवान्तेस'. मधे हा जो 'के' आला, तो मला थेट आमच्या काऊंटरसारखा दिसतो. अलीकडे मी, माझी इच्छा घेऊन बसलेला. पलीकडे तू, तुझा सेल्फचा चेक घेऊन. आणि त्या चेकवर सही तुझीच लागते. इच्छा माझी असली तरी तुला उचलणारा तूच.

इच्छेचा जोर वाढवून उपयोग नाही. 'किएरो'च्या जागी 'एक्सीखो' म्हणा, म्हणजे मी बजावून मागतो. नाहीतर 'मान्दो' म्हणा, म्हणजे मी हुकूम सोडतो. पलीकडचं क्रियापद सस्पेन्समधून हलत नाही. स्पेनवर फ्रांकोने १९३९ पासून १९७५ पर्यंत हुकूमत गाजवली. पण 'सगळ्यांनी उठावं, असा माझा हुकूम आहे' हे त्याला सांगायचं असतं, तर 'उठावं' त्यालाही सब्जंक्टिव्हमध्येच घालावं लागलं असतं!

एकदा एक गृहस्थ बायकोच्या खात्याचा सेल्फ चेक स्वतःच सही करून घेऊन आले. मी हरकत घेतली तर म्हणाले, "अहो, घर एकच आहे आमचं!" घर एकच असेल हो, पण सही दोघांची वेगळी.

आई गेली त्यानंतर अण्णा खाटेवरून उठेनात. आजार काही नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. भेटायला येणारा प्रत्येक जण चहाबरोबर एकच वाक्य ठेवून जाई, "अण्णांनी आता स्वतःला सावरायला हवं." पाहा, आपली मराठीही इथे आत्मवाचकच होते. सावरायला हवं, आणि तेही स्वतःला! बोलणारा बशी खाली ठेवून निघून जाई. सावरायचं काम अण्णांकडे शिल्लक. कोणी वाईट हेतूने बोलत नव्हतं. पण बापाच्या दुःखाचा हिशेब मुलाने लिहायचा म्हटला, तरी कुठल्या अधिकाराने लिहायचा? मग दुसऱ्याच्या भल्याची इच्छा करणं, म्हणजे त्याच्या खात्यावर आपली सही ठोकणं आहे का?

स्पॅनिश व्याकरणाचं उत्तर मला पटलं. इच्छा खुशाल करा, ते म्हणतं. फक्त 'के'च्या अलीकडे उभे राहून करा. त्यांच्याकडे 'ओखाला' असा एक शब्द आहे. ७११ ते १४९२ या काळात स्पेनमध्ये कुठे ना कुठे मुसलमानी राज्य होतं, त्या अरबीतून आलेला. 'देवाच्या मनात असेल तर' अशा अर्थाचा. त्याच्यापुढेही क्रियापद सब्जंक्टिव्हच. 'ओखाला से लेवान्ते', उठोत बुवा! पाहुण्याला 'बसा' म्हणायचं तर 'सिएन्तेसे'. तेही सब्जंक्टिव्ह, तेही आत्मवाचक. आपल्या 'बसावं' सारखंच. अदब म्हणजे तरी काय, बसणं त्याच्यावर सोडून आपण खुर्ची पुढे करणं.

आणखी एक रूप आहे, 'क्वान्दो से लेवान्ते', म्हणजे 'ते उठतील तेव्हा'. इथे 'किएरो' नाही, हुकूम तर नाहीच, तरी क्रियापद सब्जंक्टिव्हमध्ये, कारण ते उठणं अजून व्हायचंय. आमच्या घरी रोज सकाळी अण्णांचा चहा झाकून ठेवायचे ते याच हिशेबाने. कित्येक दिवस तो निवला आणि मोरीत गेला. एका सकाळी कप रिकामा, विसळून पालथा घातलेला दिसला. कोणी काही विचारलं नाही. बायकोने दूध जरा जास्त घ्यायला सुरुवात केली, एवढंच.