शुद्ध कोण, अशुद्ध कोण?

काही आजार माणसाच्या देहाला छळतात, त्याहून अधिक त्याच्या समाजातील स्थानाला. सोरायसिस हा त्यांपैकी एक. कोपर, गुडघे, डोक्याची त्वचा यांवर लालसर चट्टे उठतात, त्यांवर रुपेरी खवले धरतात, खाज सुटते. हे सोसता येते. परंतु पंगतीत शेजारची जागा रिकामी राहते, तान्हे बाळ हाती देताना आई घुटमळते, ते सोसवत नाही.

वास्तविक हा रोग संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, सहभोजनाने वा एका टॉवेलाने तो पसरत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणाच बेताल होते आणि त्वचेच्या पेशींचे सुमारे महिन्याभराचे चक्र काही दिवसांतच पुरे होते. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो. मानसिक ताण, घशाचा जंतुसंसर्ग, मद्य, धूम्रपान व काही औषधे यांमुळे तो उफाळू शकतो.

मग हात मागे का जातो? याचे एक मूळ फार जुने आहे. लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात याजकाने त्वचा कशी तपासावी याचे नियम आहेत. तेथील हिब्रू शब्द अनेक विकारांना लागू होतो; वस्त्रांवरील डागांनाही तोच शब्द आहे. ग्रीक भाषांतरात त्यासाठी ‘लेप्रा’ हा खवल्यांचा अर्थ असलेला शब्द आला आणि पुढे तो कुष्ठरोगाचे नाव होऊन बसला. व्हिएन्नाचे वैद्य फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ साली सोरायसिसला कुष्ठरोगापासून स्पष्टपणे वेगळे केले. गंमत अशी, की त्याच अध्यायात ज्याचे सर्वांग पांढरे झाले आहे, त्याला शुद्ध ठरवावे असे सांगितले आहे. म्हणजे तेथे प्रश्न मुख्यतः विधीच्या शुद्धतेचा होता, रोगाच्या लागणीचा नव्हे.

येथे आम्हाला एक अवघड प्रश्न पडतो. ‘हा कुष्ठरोग नव्हे, घाबरू नका’ असे सांगून आपण एकाला आत घेतो; परंतु त्याच वाक्याने दुसऱ्याला दाराबाहेर उभे ठेवत नाही का? धोका नाही म्हणून दिलेला हात हा हिशेब झाला, प्रेम नव्हे. संत मार्काच्या शुभवर्तमानात प्रभू येशू कुष्ठरोग्याला आधी स्पर्श करतो. शुद्धीचे शब्द मागाहून येतात. हा क्रम आपण विसरू नये. पाहताक्षणी अंगावर येणारा शहारा हा दोष नव्हे. खरे काय ते कळल्यावरही हात मागे घेणे हा मात्र दोष आहे.

रुग्णाचेही एक कर्तव्य आहे, आणि ते धीराचे आहे. हा रोग आजही समूळ जात नाही. पण आटोक्यात राहतो. त्वचा मऊ ठेवणारी व औषधी मलमे, अतिनील किरणांचे उपचार, गरजेनुसार मेथोट्रेक्झेट किंवा जैविक औषधे हे सारे त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली घ्यावे. स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, चालू असल्यास एकाएकी बंदही करू नयेत. त्याने आजार भयंकर उसळू शकतो. सांधे दुखू लागल्यास लगेच डॉक्टरांना सांगावे, कारण हा रोग सांध्यांतही उतरतो. हमखास गुणाची हमी देणाऱ्यांपासून दूर राहावे.

औषध डॉक्टर देतील. पंगतीतली ती रिकामी जागा मात्र आपल्यालाच भरावी लागेल.