अशक्याची शिस्त

महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूर आणि महाड मागे टाकून दासगावपाशी येते, तोवर तिच्या अंगात समुद्राची भरती-ओहोटी भिनलेली असते. गोडे पाणी पश्चिमेला निघालेले आणि खारे पाणी त्याला सामोरे आलेले. या उलटसुलट वाहण्यामागचा चंद्र आपल्याला ठाऊक आहे, तरी काठावर उभ्या असलेल्याचे नवल ओसरत नाही. नियम कळल्यावरही जे उरते, तेच खरे आश्चर्य, असे मला वाटते. आणि विज्ञानकथेची पारख मी याच कसोटीवर करीत आलो आहे.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली आणि पारितोषिकास पात्र ठरली. त्या नावामागे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर होते. प्रचंड गुरुत्वाकर्षणाच्या सान्निध्यात काळ मंदावतो, हे गणितात सिद्ध झालेले सत्य. पण ते माणसाच्या आयुष्यावर कसे उमटेल, हे कथेलाच विचारावे लागते. पुढे २०१४ च्या ‘इंटरस्टेलर’ या चित्रपटात कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावरचा एक तास पृथ्वीवरच्या सात वर्षांएवढा ठरला. तो हिशेब जुळावा म्हणून भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांना कृष्णविवराचे परिवलन कमाल मर्यादेच्या अगदी निकट मानावे लागले. त्या काटेकोरपणामुळेच चित्रपटातल्या बापलेकीचा विरह सोयीस्कर वाटत नाही. तो विश्वाच्या रचनेतून आलेला आणि म्हणून अटळ भासतो. कलावंताने एक गृहीतक मागून घ्यावे, आणि मग त्याचे प्रत्येक ऋण निमूटपणे फेडावे, यात मला विज्ञानापेक्षाही जुनी अशी एक नैतिकता दिसते.

मात्र शक्य-अशक्याची आपली नेहमीची मोजपट्टी सवयीची असते. नारळीकरांच्या एका कथेत मुंबईत बर्फ पडते. वाचक चमकतो, कारण त्याच्या आयुष्यात ते कधी घडलेले नाही. डोंगराविषयीही आपली अशीच खात्री असते. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत याच दासगावात दरड कोसळली, घरे गाडली गेली, माणसे गेली. त्यामागचे शास्त्र गूढ नव्हते: झिजलेल्या खडकावरचा मातीचा थर पाण्याने तुडुंब भरला की कणाकणांतल्या पाण्याचा दाब वाढतो, त्यांची परस्परांवरची पकड सुटते आणि उतार आपले वजन पेलेनासा होतो. निसर्गाने कुठलाही नियम मोडला नव्हता. आपली स्मृती तेवढी तोकडी होती. या डोंगरांचा आज अचल वाटणारा काळा पाषाणही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहत होता, हे आठवले की कुठल्याही कथाकाराची कल्पना मला संयमीच वाटू लागते.

म्हणून विज्ञानकथेतील संभाव्यता तपासणे हा लेखकाच्या चुका वेचण्याचा व्यासंग मला कधी वाटला नाही. निर्वात अवकाशात स्फोटाचा आवाज ऐकू येणार नाही, एवढे सांगून थांबणारा अभ्यासक उंबऱ्यावरच राहतो. एखादे ‘समजा’ मनात धरून त्याच्या शेवटच्या परिणामापर्यंत, तो अप्रिय असला तरी, चालत जाण्याची ताकद ज्याने वाचनातून कमावली, तो डोंगरमाथ्यावरची नवी भेग पाहून ‘इथे असे कधी झाले नाही’ या समाधानात विसावणार नाही. न घडलेल्याचा गांभीर्याने विचार करणे हे कल्पनेचे सर्वांत मोठे कर्तव्य आहे, आणि डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला त्याची गरज कथाकाराहून अधिक आहे.