ओझे कोणाचे?



धसई परिसरातील एका घरी रुग्णभेटीला गेलो असता आजारी गृहस्थांनी आम्हांला विचारले, "फादर, लाईट घ्यायला गेलो नाही तर पाप लागेल का?" नाव न सांगता त्यांचा प्रश्न येथे मांडायला त्यांची हरकत नाही.

त्यांना थायमस ग्रंथीची गाठ आहे. छातीच्या हाडामागची ही ग्रंथी रोगाशी लढणाऱ्या काही पांढऱ्या पेशी घडवते आणि वयाबरोबर आक्रसत जाते. तिची गाठ दुर्मीळ. शक्य असेल तर ती कापून काढतात. पण हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत ती शिरली असेल, औषधांनीही पुरेशी लहान होत नसेल, तर किरणोपचार उरतात. आठवड्यातून पाच दिवस, रोज थोडा वेळ, साधारण सहा आठवडे. गिळताना दुखते, खोकला येतो, पुढे फुप्फुसाला किंवा हृदयाला इजा होऊ शकते. मात्र 'ऑपरेशन होणार नाही' म्हणजे 'सगळे संपले' असा अर्थ आपण लावतो, तो बरोबर नाही. यातील पुष्कळ गाठी सावकाश वाढतात आणि किरणांनी कित्येक वर्षे आटोक्यात राहू शकतात.

आता पापाचे. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये फ्रान्सिस्को दे व्हितोरिया या डोमिनिकन धर्मगुरूंनी शिकवले की, कोंबडीचे मांस खाल्ल्याने आयुष्य वाढेल असे वैद्याने सांगितले तरी गरिबाने ते खाल्लेच पाहिजे असे बंधन नाही. (कोंबडी तेव्हाही महागच असावी!) पोप बारावे पायस यांनी 1957 साली डॉक्टरांपुढे बोलताना हेच तत्त्व मांडले: स्वतःवर किंवा इतरांवर फार मोठे ओझे न टाकणारे उपाय करणे एवढेच आपले कर्तव्य. 1980 च्या रोमच्या घोषणापत्रात तर कुटुंबावर वा समाजावर अति खर्च पडू नये, ही रुग्णाची इच्छाही रास्त मानली आहे. ओझे नाकारणे म्हणजे मरण मागणे नव्हे. तेव्हा त्यांना आमचे उत्तर: नाही, पाप लागणार नाही.

पण घरी परतताना आमचेच उत्तर आम्हांला बोचू लागले. त्यांना भीती किरणांची नव्हती. एसटीने मुरबाड, पुढे कल्याण, मग लोकलने परळचे टाटा रुग्णालय, हा प्रवास तीस वेळा होणे नाही. मुंबईत राहावे लागणार. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देते. पण सोबत मुलगा गेला तर भातलावणी कोण करणार? सरकारी योजनेतून उपचाराचा खर्च निघेलही, बुडालेली मजुरी कोण भरून देणार?

म्हणजे जे ओझे त्यांच्यासाठी 'फार मोठे' ठरते आहे, त्यातले बरेचसे आजाराचे नाहीच. ते एकट्याने उचलायचे म्हणून मोठे आहे. रुग्णाला नकाराचे स्वातंत्र्य आहे, असे आम्ही वेदीवरून सहज सांगू शकतो. त्याला आमचा एक पैसाही लागत नाही. वाटून घेतल्यावरही ते "नको" म्हणाले, तर तो निर्णय खरोखर त्यांचा असेल आणि आम्ही तो निमूट मान्य करू.

मुंबईला आळीपाळीने आठवडाभर सोबत राहू शकतील आणि लावणीला दोन दिवस देऊ शकतील, अशांनी आज मिस्सानंतर आम्हांला भेटावे.