घटोत्कचाचें कुळ

गेल्या भाद्रपदांत नांदगाव पेठेस एका स्नेह्यांच्या घरीं ‘संगीत सौभद्रा’चें जुनें ध्वनिमुद्रण ऐकण्यास आम्ही बसलों होतों. घटोत्कच सुभद्रेस उचलून आणतो तो प्रसंग झाला, तोंच यजमानांच्या नातीनें विचारलें, “आजोबा, हा राक्षस सुभद्रेचा कोण लागतो?” “अर्जुनाशीं लग्न लागलें कीं पुतण्या!” आजोबा म्हणाले. मंडळी हंसली. आम्हीही हंसलों, परंतु तें उत्तर मनांत घर करून राहिलें.

मूळ भारतांत सुभद्राहरणाशीं घटोत्कचाचा संबंध नाहीं. रैवतकाजवळून अर्जुन स्वतःच तिला रथांत घालून नेतो. १८८२ सालीं रंगभूमीवर आलेल्या या नाटकांत अण्णासाहेब किर्लोस्करांनीं हरणाचें काम हिडिंबेच्या मुलाकडे सोंपविलें. कल्पना विनोदी खरी. पण ती नकळत वर्मावर बोट ठेवते. ज्या वधूस तो उचलून आणतो, तिच्याच पोटीं अभिमन्यु जन्मणार व त्याचा परीक्षित राज्यावर बसणार. वस्तुतः पांडवपुत्रांत वडील घटोत्कच! आदिपर्वांत खुद्द कुंती त्यास तसें म्हणते, आणि त्याच दमांत साह्य मागते.

स्मरण होतांच येईन, हें त्याचें वचन. वनवासांत थकलेल्या द्रौपदीस त्यानें वाहून नेलें. युद्धाच्या चौदाव्या रात्रीं, अर्जुनासाठीं राखून ठेवलेली कर्णाची अमोघ शक्ति त्यानें अंगावर घेतली, व पडतां पडतां देह वाढवून शत्रूचें अक्षौहिणीभर सैन्य चिरडलें. पांडव रडले. श्रीकृष्ण मात्र हर्षानें नाचला, आणि अर्जुनास म्हणाला कीं, हा यज्ञांचा द्वेष्टा होता. कर्णानें मारला नसता तर मलाच मारावा लागता.

यांत राजनीति आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु साह्य मागतांना जो कुरुकुळाचा वडील पुत्र, तोच मेल्यावर नुसता राक्षस ठरावा, हा हिशेब कोणत्या धर्मांत बसतो? आमच्या वऱ्हाडांत चिखलदऱ्याच्या भीमकुंडाशीं लोक कीचकवधाची कथा जोडतात. तो भीम द्रौपदीच्या अपमानानें पेटलेला. हिडिंबेस मात्र तो पुत्रजन्मानंतर सोडून आला. तशी अटच होती म्हणे! अट पाळली म्हणजे ऋण फिटलें काय?

दुसऱ्या दिवशीं निघतांना त्या मुलीनें आम्हांस गांठलें. “सुभद्रेनें मग त्याला कधीं घरीं जेवायला बोलावलें का हो?” आम्ही आजोबांकडे पाहिलें. ते आमचे जोडे शोधूं लागले होते.