अर्धशिशी आणि आप्तवाक्य

दुसऱ्याचे दुखणे कशाने कळते, हा प्रमाणशास्त्रातला जुना प्रश्न अर्धशिशीने डोके धरून अंधाऱ्या खोलीत पडलेल्या नववीतल्या मुलीच्या घरात रोज उभा राहतो. न्याय-वैशेषिक मताप्रमाणे सुखदुःख हे आत्म्याचे गुण असून ते ज्याचे त्यालाच मनाने प्रत्यक्ष होतात. इतरांना वाटा दोनच : खुणांवरून अनुमान, नाहीतर दुखणाऱ्याचा शब्द.

अनुमानाची वाट इथे लवकर संपते. ताप थर्मामीटरवर दिसतो, मोडलेले हाड एक्स-रेत. अर्धशिशीत मेंदूचा एमआरआय बहुधा निर्दोषच येतो. तो काढतात तो दुसरा आजार नाही ना, हे पाहण्यासाठी. महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल, त्यातले किमान ८ दिवस अर्धशिशीचे असतील आणि हे तीन महिन्यांहून अधिक चालले असेल, तर अर्धशिशी जुनाट समजतात. ही सगळी मोजदाद रुग्णाच्या सांगण्यावर होते. प्रयोगशाळेवर विसंबणारे वैद्यकही इथे शब्दप्रमाणावर, म्हणजे सांगणाऱ्याच्या शब्दावर, उभे आहे.

न्यायसूत्रांत शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश. आप्त म्हटला की दाढीवाला ऋषी डोळ्यांपुढे येतो. पण भाष्यकार वात्स्यायनाने दार बरेच उघडे ठेवले. ज्याने वस्तू साक्षात जाणली आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त. ऋषी, आर्य, म्लेच्छ, सर्वांना लक्षण एकच. त्यात वयाची अट नाही. स्वतःच्या डोक्यापुरती ती मुलगीच आप्त ठरते.

वक्त्याच्या शब्दाला बाधणारे चार दोष परंपरेने सांगितले आहेत : भ्रम, प्रमाद म्हणजे गाफीलपणा, विप्रलिप्सा म्हणजे फसवण्याची इच्छा, आणि करणापाटव म्हणजे इंद्रियांची अक्षमता. घरच्यांचा संशय सहसा तिसऱ्यावर जातो : गणिताच्या पेपरलाच बरे दुखते! पण पेपरच्या आदल्या रात्री झोप मोडते, सकाळचे खाणे राहते, ताण चढतो, आणि हीच अर्धशिशी उठवणारी कारणे आहेत. योगायोग खरा असला तरी त्यातून लबाडी सिद्ध होत नाही. मीमांसकांच्या मते ज्ञान बाधक सापडेपर्यंत प्रमाण मानावे. नैयायिक खातरजमा बाहेरून मागतात, पण तीही कृतीच्या फळावरून, कृतीनंतर. तहानलेला पाणी दिसताच निघतो; ते खरे होते हे पिऊन कळते. त्यामुळे दोन्ही मतांनी आधी खोली अंधारी करावी, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी वेळेत द्यावी, चौकशी मागाहून.

चौथा दोष कमी ओळखला जातो, आणि तो कधी औषधच निर्माण करते. अर्धशिशी टाळण्यासाठी देतात त्या औषधांपैकी टोपिरामेटने बोटांना मुंग्या येतात, भूक मंदावते आणि नेमका शब्द आठवत नाही. साक्षीदाराची जीभच अडते, आणि घर त्याला घुमेपणा म्हणते. अमिट्रिप्टिलिनची सुस्ती आळस ठरते. फ्लुनारिझिनने आलेली उदासी वयाच्या खात्यावर जाते. हे परिणाम गोळी सुरू करतानाच मुलीला नावानिशी सांगितलेले असले, तर तिला ते ओळखता येतात आणि डॉक्टरांना डोस कमी करता येतो किंवा औषध बदलता येते. परस्पर गोळी बंद करणे मात्र धोक्याचे.

प्रमादावर उपाय साधा आहे : वही. दुखल्याचा दिवस, तास, झोप, घेतलेली गोळी. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अर्धशिशीवरच्या ट्रिप्टान गटातल्या १० किंवा अधिक दिवस, अशा महिनोन्‌महिने घेतल्या तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. ओरडा बसेल या भीतीने मूल गोळ्यांचा आकडा लपवते. तेव्हा शब्द बिघडवणारा ऐकणाराच असतो.

उरतो भ्रम : दुखणे मनाचेच असेल, हा संशय. अर्धशिशी असलेल्या ८ ते १७ वर्षांच्या मुलांवरच्या एका अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दुखण्याचे दिवस निम्म्याने किंवा अधिक घटलेली मुले अमिट्रिप्टिलिन गटात ५२ टक्के, टोपिरामेट गटात ५५ टक्के, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ६१ टक्के होती. यावरून ‘सगळे मनाचेच’ म्हणणे हा हेत्वाभास, म्हणजे फसवा तर्क, आहे. बरे वाटण्यात अपेक्षेचा, देखभालीचा, आजाराच्या स्वाभाविक चढउताराचा वाटा असतो; त्याने आधीचे दुखणे खोटे ठरत नाही. मात्र गोळीचा लाभ असा डळमळीत असताना तिचा त्रास किती सोसायचा, हा तोल सांभाळावा लागतो. मुंग्या चालतील, पण वर्गात उत्तर देताना अडलेला शब्द चालणार नाही, असे आहे का, हे डॉक्टरांच्या खोलीत आईच्या आधी मुलीला विचारावे लागते.