दहा दिवस आणि पन्नास नमाजा

माझा एक भाचा पुण्यात हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. गेल्या काही महिन्यांपासून त्याची झोप उडाली आहे. रात्री दोन वाजता जाग येते आणि फजरच्या अजानपर्यंत तो छताकडे पाहत पडून राहतो. दिवसभर चिडचिड, घरी आल्यावर पत्नीवर आणि चार वर्षांच्या मुलीवर ओरडणे, आणि मग पश्चात्ताप. मागच्या महिन्यात तो एक छापील अर्ज घेऊन माझ्याकडे आला. अर्ज इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा होता. "मामू, सही करण्यापूर्वी तुम्हाला विचारावे म्हटले," तो म्हणाला. मी काही बोलण्याच्या आतच त्याने एक वाक्य उच्चारले आणि ते अजून माझ्या मनातून गेलेले नाही. तो म्हणाला, "नमाजमध्ये मी उभा असतो, पण मन ऑफिसात असते. तिथे दहा दिवसांत मन जागेवर येते म्हणतात."

ध्यानशिबिरांविषयी आपल्याकडे दोन प्रकारे बोलले जाते. एक पक्ष नाव ऐकताच हराम म्हणून मोकळा होतो. दुसरा पक्ष म्हणतो की हा केवळ मनाचा व्यायाम आहे, त्यात धर्म कुठे आला? दोन्ही पक्षांनी तो अर्ज पूर्ण वाचलेला नसतो. मी आणि भाच्याने तो एकत्र बसून वाचला.

प्रथम जे चांगले आहे ते मान्य केले पाहिजे, कारण न्यायाने बोलणे हा आपल्यावरील आदेशच आहे. मंडाले येथे १९२४ साली जन्मलेले सत्यनारायण गोयंका हे व्यापारी. तीव्र डोकेदुखीने त्रस्त होऊन ते ब्रह्मदेशातील आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखी घालवण्यासाठी यायचे असेल तर येऊ नका, असे सांगून आचार्यांनी त्यांना प्रथम नाकारले होते. पुढे १९६९ मध्ये गोयंका भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे सुरू झाली. शिबिराचे शुल्क नाही. ज्याने एक शिबिर पूर्ण केले त्याच्याकडूनच दान स्वीकारले जाते. कोणाला धर्म बदलण्यास सांगितले जात नाही. स्त्री-पुरुषांची व्यवस्था वेगळी असते. पहिले साडेतीन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देणे, त्यानंतर शरीरातील संवेदनांकडे तटस्थपणे पाहणे, आणि दहाव्या दिवशी सकाळपर्यंत आर्य मौन, अशी रचना असते.

आता वेळापत्रक पाहा. पहाटे चारला घंटा होते, रात्री साडेनऊला दिवे मालवतात. साडेचार ते साडेसहा या काळात साधक आपल्या खोलीतही बसू शकतो. फजर तेथे येते. दुपारी बारा ते एक विश्रांती, म्हणजे जुहर. पाच ते सहा चहापान, म्हणजे असर. रात्री नऊनंतर इशा. फक्त मगरिब सायंकाळच्या सामूहिक बैठकीत किंवा प्रवचनाच्या वेळेत येते. भाचा हिशेबात पक्का. त्याने बोटांवर मोजून दाखवले की थोडी सवलत मिळाली तर पाचही नमाजा बसतात. मी त्याला पुढचे पान वाचायला सांगितले.

अडचण घड्याळाची नव्हतीच. नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे की शिबिराच्या काळात प्रार्थना, पूजा, उपवास, माळ जपणे, मंत्रोच्चार असे सर्व विधी स्थगित ठेवावेत. हे इतर धर्मांची निंदा म्हणून नाही. या साधनेत दुसरे काही मिसळले तर तिची खरी परीक्षा होत नाही, अशी त्यामागची भूमिका आहे. त्यांच्या दृष्टीने हे सुसंगतच आहे. परंतु आपल्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की दहा दिवसांत पन्नास नमाजा आणि किमान एक जुमा सोडायचा. मेराजच्या रात्री पन्नास नमाजांच्या पाच झाल्या, ही या उम्मतवरील अल्लाहची केवढी मोठी सवलत! त्या पाचही दहा दिवसांसाठी बाजूला ठेवण्याचा अधिकार अल्लाहने कोणाला दिला आहे? प्रवाशाला नमाज कमी करून मिळते, आजारी माणसाला बसून किंवा पडून अदा करण्याची मुभा आहे, रणभूमीवरही तिची वेगळी पद्धत सांगितली गेली. शुद्धीवर असलेल्या प्रौढ पुरुषाला ती माफ मात्र कोठेही नाही.

"मग गुपचूप अदा केली तर?" भाच्याने विचारले. हा प्रश्न अनेकांच्या मनात येतो आणि मला तो नमाजच्या प्रश्नाइतकाच गंभीर वाटतो. ज्या कागदावर आपण नियम पाळण्याचे वचन देऊन सही करतो, ते वचन आहे. दिलेल्या वचनाविषयी विचारणा होणार आहे, हे कुरआनने ठामपणे बजावले आहे, आणि मुस्लिमेतराला दिलेले वचन त्यातून वगळलेले नाही. ज्यांच्या अन्नावर आणि छताखाली आपण दहा दिवस फुकट राहणार, त्यांना फसवून अल्लाहसमोर सज्दा करायचा, ही कसली मनःशांती? सही करून नियम पाळला तर नमाज जाते, नियम मोडला तर अमानत जाते. तिसरा मार्ग एकच. सही करण्यापूर्वीच व्यवस्थापकांना सरळ विचारावे की मी पाच वेळा नमाज अदा करीन, हे चालेल काय? नकार आला तर आभार मानून घरी राहावे.

त्या पानावर आणखी एक गोष्ट होती. शिबिराच्या आरंभी त्रिरत्नाला, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जाण्याचे वचन उच्चारले जाते. ही शरण व्यक्तीला नसून ज्ञानाच्या गुणाला आहे, असे स्पष्टीकरण दिले जाते. ते प्रामाणिक असेलही. पण प्रत्येक रकअतमध्ये आम्ही फक्त तुझीच उपासना करतो आणि फक्त तुझ्याकडेच मदत मागतो, असे म्हणणाऱ्याच्या जिभेवर दुसरी शरण चढू शकत नाही, मग तिचा अर्थ कितीही सौम्य करून सांगितलेला असो. महाराष्ट्रात राहणाऱ्याने याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत हीच शरण स्वीकारली आणि आपले आयुष्य पालटले. आपल्या बौद्ध शेजाऱ्यांसाठी ते शब्द प्राणाइतके मोलाचे आहेत. ते निव्वळ औपचारिकता म्हणून पुटपुटणे हा आपल्या ईमानशी खेळ आहेच, त्यांच्या श्रद्धेचाही तो अपमान आहे.

केवळ श्वासाकडे लक्ष देत शांत बसणे ही स्वतः उपासना नाही. उद्या एखाद्या डॉक्टरने झोपेसाठी तसे करायला सांगितले तर मला त्यात हरकत दिसत नाही. भाच्याला मी आधी डॉक्टरकडेच पाठवले. महिनोन्महिने झोप न येणे हा आजार असू शकतो, आणि उपचार घ्या अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. शिबिराचा अर्जही मानसिक आजाराविषयी विचारतो, आणि तो रकाना खोटा भरू नये.

पण प्रश्न तेवढाच नाही. शांती म्हणजे काय, याचे उत्तर दोन्हीकडे वेगळे आहे. तेथे शिकवले जाते की सुखद संवेदनेची आस धरू नका, दुःखद संवेदनेचा द्वेष करू नका, दोन्ही क्षणभंगुर आहेत हे पाहा. यातील संयम मोलाचा आहे आणि सब्रचा अभ्यास करणाऱ्याला तो परका वाटणार नाही. तरीही इस्लामने माणसाला आस सोडायला सांगितले नाही. आस कोणाकडे लावायची ते सांगितले. दुआ म्हणजे मागणेच, आणि मागणाऱ्यावर अल्लाह प्रसन्न होतो. लहानगा इब्राहीम प्रेषितांच्या (स.) मांडीवर अखेरचे श्वास घेत होता तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. लोकांना नवल वाटले तेव्हा त्यांनी सांगितले की डोळे अश्रू ढाळतात, हृदय व्यथित होते, पण जीभ तेच बोलते जे पालनकर्त्याला आवडते. दुःखाकडे दुरून पाहणारा तटस्थ साक्षी तेथे नव्हता. दुःख घेऊन कोणासमोर तरी उभा असलेला दास होता. कुरआन हृदयाच्या समाधानाचा संबंध अल्लाहच्या स्मरणाशी जोडतो. स्मरण नेहमी दुसऱ्या कोणाचे तरी असते. स्वतःच्या श्वासाचे निरीक्षण कितीही सूक्ष्म झाले तरी माणूस त्यात स्वतःपाशीच राहतो.

हे सारे मी भाच्याला सांगितले आणि त्याने ते ऐकूनही घेतले. पण त्याचे पहिले वाक्य तसेच उभे होते. नमाजमध्ये मन नसते, ही तक्रार घेऊन तो इगतपुरीला का निघाला? कारण आम्ही त्याला दुसरे काही शिकवलेच नव्हते. रकअती किती, हात कोठे बांधायचे, आमीन मोठ्याने की मनात, यावर आमच्या मोहल्ल्यात तासन्‌तास वाद झडले. सज्द्यात मन कोठे असावे, यावर मी स्वतः त्याच्याशी कधी पाच मिनिटे बोललो नव्हतो.

इमाम गज्जाली (रह.) यांनी 'इह्या'मध्ये याविषयी एक दृष्टांत दिला आहे. एक माणूस झाडाखाली विचार करत बसतो आणि पाखरांच्या किलबिलाटाने त्रासून काठीने त्यांना हुसकावतो. पाखरे पुन्हा येतात. त्याला सांगितले जाते की असे किती दिवस करशील, झाडच तोड. दुनियेची वासना हे झाड आहे आणि नमाजमधले विचार ही त्यावर येणारी पाखरे. स्वतः गज्जालींनी १०९५ मध्ये बगदादच्या निजामिया विद्यापीठातील मानाचे पद सोडले. त्याआधी त्यांची वाचाच बंद झाली होती आणि वैद्यांनी हात टेकले होते. जाताना मुलाबाळांपुरते ठेवून बाकीची संपत्ती त्यांनी वाटून टाकली. माघार घेण्याची गरज थोरामोठ्यांनाही भासली आहे, तेव्हा भाच्याच्या भुकेला मी नावे कशी ठेवू?

या भुकेसाठी एतिकाफ आहे. रमजानचे शेवटचे दहा दिवस प्रेषित (स.) मशिदीत राहत, अखेरच्या वर्षी वीस दिवस राहिले. तो एकांत माणसांपासून तोडणारा नव्हता. ह. सफिया (रजि.) भेटायला आल्या, त्यांच्याशी ते बोलले आणि त्यांना निरोप देण्यासाठी उठून दारापर्यंत गेले. मौनाचेही तसेच. अबू इस्राईल नावाच्या एका गृहस्थाने उन्हात उभे राहण्याचा, सावलीत न जाण्याचा, न बोलण्याचा आणि रोजा ठेवण्याचा नवस केला होता. प्रेषितांनी (स.) आदेश दिला की त्याला बोलू द्या, सावलीत बसू द्या, रोजा मात्र त्याने पुरा करावा. व्यर्थ बडबड टाळणे वेगळे आणि न बोलण्यालाच पुण्य मानणे वेगळे. ह. सलमान फारसी (रजि.) यांनी ह. अबू दर्दा (रजि.) यांना पत्नीचाही तुमच्यावर हक्क आहे असे सुनावले, आणि सलमान खरे बोलले असे प्रेषितांनी (स.) सांगितले. चार वर्षांची मुलगी घरी असताना दहा दिवस फोन बंद ठेवून जाणाऱ्याने हा प्रसंग वाचून निघावे.

आज आपल्याकडे एतिकाफचे काय झाले आहे? मोहल्ल्यातून एक कोणी बसला की सर्वांची जबाबदारी उतरते, म्हणून बहुधा एखाद्या निवृत्त वृद्धाला बसवले जाते आणि बाकीचे त्याला इफ्तारी पाठवून मोकळे होतात. नफिल एतिकाफ तर वर्षभरात केव्हाही, थोड्या वेळासाठीही होऊ शकतो, हे किती तरुणांना माहीत आहे?

भाच्याने अर्ज भरला नाही. डॉक्टरांच्या गोळीने त्याला पाच तास झोप लागू लागली आहे. दोन आठवड्यांपूर्वी गुरुवारी असरनंतर तो आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत एतिकाफची नियत करून बसला, शुक्रवारच्या जुम्यापर्यंत. परवानगी मागायला गेला तेव्हा मुतवल्लींनी घाबरून विचारले, "घरी सगळे ठीक आहे ना?" रात्री डास फार होते, असे तो नंतर सांगत होता. नमाजमध्ये मन लागले का, असे मी विचारले. म्हणाला, "नाही मामू, ऑफिसातच होते. पण इशाच्या तिसऱ्या रकअतीत मला कळले की ते ऑफिसात आहे." या गुरुवारी तो पुन्हा बसणार आहे, आणि मुतवल्लींनी पंखा दुरुस्त करून घेतला आहे.