पटाशीचं पाणी

देवळाली कॅम्पात एक म्हातारे सुतार राहत. लॅम रोडवरच्या जुन्या बंगल्यांची सागवानी दारं-खिडक्या दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांना एकच नाद होता, जुन्या हत्यारांचा. कुणाच्या माळ्यावरचा रंधा, कुणाच्या परसात गंजत पडलेलं गिरमिट, भंगारात निघालेली वाकस, जे दिसेल ते घरी आणायचं, साफ करायचं, धारेला लावायचं आणि कामाला जुंपायचं. भिंतीवर शोभेला टांगलेलं एकही हत्यार त्यांच्या घरात नव्हतं.

त्यांच्याकडे बहिणीचा नातू काम शिकायला होता. हात चलाख, नजर पक्की. दम धरणं तेवढं त्याला जमत नसे.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तो भंगारवाल्याकडून एक पटाशी घेऊन आला. इंचभर रुंद, मूठ फुटलेली, पातं गंजून तांबूस झालेलं. रॉकेलमध्ये भिजवून पुसलं तसा गंजाखालून ठसा वर आला. ‘शेफील्ड’ आणि ‘कास्ट स्टील’ अशी इंग्रजी अक्षरं, आणि शेजारी बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण.

आबा बराच वेळ त्या खुणेवरून अंगठा फिरवत राहिले.

“ही साहेबाच्या सरकारची खूण. सरकारी मालावर असा बाण मारायचे. इथल्या छावणीत कुणीतरी हिच्यावर पोट भरलं असणार. आणि कास्ट स्टील म्हणजे मुशीत वितळवलेलं पोलाद. घड्याळाच्या स्प्रिंगला चांगलं पोलाद मिळेना, म्हणून शेफील्डजवळच्या एका घड्याळजीनं ते करून बघितलं. हंट्समन त्याचं नाव. 1740 च्या आसपासची गोष्ट. कितीदा फसला, तेव्हा कुठं त्याला ते साधलं.”

“आबा, उद्या पूजेत हिलाच मधोमध ठेवू. आरशासारखी करतो.”

“उद्या? दिवाळीपर्यंत झाली तरी लवकर झाली म्हणायची.”

पण पोराला धीर निघेना. रात्री आबा झोपल्यावर त्यानं ग्राइंडर चालू केला आणि पटाशी चाकावर दाबून धरली. ठिणग्यांचा फवारा उडाला. धारेजवळचं पोलाद पातळ, ते भरभर तापलं. आधी गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढला, मग तपकिरी, मग जांभळा, आणि बघता बघता दोन्ही कोपरे मोरपंखासारखे निळे झाले. तो दचकला. पण रंगच तर आहे, असं म्हणून त्यानं पॉलिश पेपर घेतला आणि निळाई घासून काढली. पातं लखलखू लागलं.

सकाळी पाटावर हत्यारं मांडली. मधोमध ती पटाशी, हळदी-कुंकू लावलेली, झेंडूचं फूल वाहिलेली. आबांनी तिच्याकडे पाहिलं, हात जोडले, बोलले काहीच नाहीत.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी एका बंगल्याच्या खिडकीचं काम निघालं. चौकटीच्या कुसवासाठी खाच पाडायची होती. पोरानं मोठ्या तोऱ्यात नवी पटाशी लावली आणि मोगरी हाणली. चार घावांत सागवान दाबलं गेलं, पण कापलं जाईना. पटाशी उलटी करून बघतो तर धार कागदाच्या कडेसारखी मुडपलेली.

आबांनी पेटीतली बारीक कानस काढून त्याच्या हातात दिली. “कोपऱ्यावर चालव.”

कानस पोलादाला कचकन चावली. भुरका कीस पडला.

“आता दोन बोटं वर चालव.”

तिथं कानस काचेवरून सरकावी तशी घसरून गेली.

“समजलं? पोलाद लाल तापवून एकदम विझवलं की काचेसारखं कडक होतं, आणि ठिसूळही. मग ते पुन्हा बेताबेतानं तापवायचं. काडीसारखा पिवळा रंग आला की थांबायचं. ती आच 230 अंशांच्या आसपासची. तिथं धार टिकते आणि तुटतही नाही. ह्याला पाणी देणं म्हणतात. 300 अंशांकडे गेलास, निळा रंग आला, की पाणी उतरलं. रंग तू पुसलास पोरा, पण उतरलेलं पाणी पॉलिश पेपरनं परत येत नाही.”

पोराची मान खाली गेली. “रात्री दिसलं होतं मला. उगाच लपवलं.”

“ही किती वर्षं ओल्या मातीत पडली असेल, देव जाणे. एवढ्या वर्षांत गंजाला हिचं पाणी काढता आलं नाही. तू ते एका मिनिटात काढलंस.”

“आता फेकायची?”

“पुन्हा पाणी देता येईल, पण त्यात तडा गेला तर सगळंच गेलं. त्यापेक्षा मेलं तेवढं काढू. कानस घसरायला लागेल तिथपर्यंत झिजव. पण हातानं.”

दोन सूत पोलाद झिजवावं लागलं. मग आबांनी जाड काच मांडली, तिच्यावर पाणी टाकून वॉटर पेपर चिकटवला आणि सांगितलं, “आता हिची पाठ घास. उतार सगळेच घासतात, तो डोळ्यांत भरतो. पण धार म्हणजे उतार आणि पाठ जिथं भेटतात ती रेघ. पाठीत खड्डा असला तर उतार कितीही चमकव, धारेत खाच पडणारच.”

रोज संध्याकाळी पोरगा काचेपाशी बसू लागला. पाठीच्या मधोमध गंजानं खाल्लेला राखाडी डाग होता. पहिल्या दिवशी तो रुपयाएवढा होता, आठवड्यानं चिंचोक्याएवढा झाला. एकदा कंटाळून त्यानं विचारलं, “आबा, अजून किती?”

“आपल्या गावाच्या नावाचा इंग्रजीत काय अर्थ झालाय, ठाऊक आहे? मायदेशी परतायचे गोरे शिपाई इथं महिनोन्महिने जहाजाची वाट बघत पडून असायचे. उकाडा, ताप आणि रिकामपण. डोकी फिरायची. त्यावरून त्यांच्या भाषेत वेड्याला ‘डूलाली’ म्हणायला लागले. रिकाम्या हातांनी वाट बघणारा वेडा होतो, पोरा. कामाला हात लावून वाट बघणारा कारागीर होतो.”

पोरानं पुन्हा काचेवर पाणी शिंपडलं.

डाग गेला तेव्हा वसुबारस होती. बाभळीची नवी मूठ बसवून झाली, उताराला दगडावर धार झाली. पोरानं सागवानाच्या आडव्या टोकावर पटाशी नुसती हातानं लोटली. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ कीस निघाला आणि खालचं लाकूड तेल लावल्यासारखं तुकतुकीत झालं. आबांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि ती आपल्या रोजच्या पेटीत, पटकन हाताशी येईल अशी ठेवली.

ग्राइंडर अजून तिथंच आहे. फक्त आता चाकाशेजारी पाण्यानं भरलेला डबा असतो. पोरगा दोन क्षण पातं टेकवतो, बोटानं ऊब बघतो आणि पाण्यात बुडवतो. पुन्हा टेकवतो, पुन्हा बुडवतो.

तात्पर्य : गंज वरचा असतो, तो कष्टानं निघतो. पाणी आतलं असतं, ते घाईनं जातं. आणि गेलेलं पाणी वरच्या चकाकीनं झाकता येत नाही. तेवढा भाग झिजवूनच पुन्हा उभं राहावं लागतं.